मोबाईलवरचे पैसे आणि सरकारचे काम

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लोकांचे पैसे एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोहोचवण्याचे काम आपल्याकडे सरकारने आज पहिल्यांदा हाती घेतलेले नाही. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली. पुढे कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याची कमाई कोकणातल्या आणि घाटावरच्या घरी पोहोचली ती पोस्टमनच्या पिशवीतून. कोकण मनीऑर्डरवर जगते, असे म्हटले जाई ते उगाच नव्हे. त्या व्यवस्थेत चार गोष्टी ठळक होत्या. पहिली, पैसे पाठवण्याची सोय गावोगावी होती. दुसरी, नियम सर्वांना सारखे होते. तिसरी, पाठवायला किती खर्च येणार हे आधी कळत असे. आणि चौथी, पैसे पोहोचले नाहीत तर पोस्टात जाऊन जाब विचारता येत असे. सोय, नियम, खर्च आणि दाद. या चार गोष्टी होत्या म्हणून ‘मनीऑर्डर वापरा’ असे कोणाला सांगत फिरावे लागले नाही.

आज पोस्टमनची जागा मोबाईलने घेतली आहे. चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर, रिक्षात, देवळातल्या दानपेटीवर क्यूआर कोडचा चौकोन दिसतो. एसटीच्या वाहकाकडच्या मशीनवरही तो आला, आणि सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत त्यामुळे थोडी तरी कमी झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून झालेल्या व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या पुढे गेली. यात सरकारचा वाटा किती, लोकांचा किती, आणि यापुढे सरकारने काय करावे, काय करू नये, हे आज समजून घेऊ. त्यासाठी मनीऑर्डरच्याच चार कसोट्या लावून पाहू.

रस्ता कोणी बांधला?

यूपीआय ही एखाद्या खासगी कंपनीची करामत आहे, असा अनेकांचा समज असतो. आपण फोनवर ज्या कंपनीचे अ‍ॅप उघडतो तीच आपले पैसे पाठवते, असे वाटते. प्रत्यक्षात अ‍ॅप म्हणजे फक्त खिडकी. तिच्यामागचा रस्ता वेगळाच आहे.

हा रस्ता एका दिवसात झाला नाही. संसदेने २००७ मध्ये देयक व्यवस्थांसंबंधीचा कायदा केला आणि पैशांच्या देवघेवीच्या यंत्रणांवर देखरेख ठेवण्याचा स्पष्ट अधिकार रिझर्व्ह बँकेला दिला. २००८ मध्ये रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन’ ही संस्था मुंबईत स्थापन झाली. ही संस्था सरकारी खाते नाही. तिची मालकी बँकांकडे आहे आणि ती नफा कमावण्यासाठी काढलेली नाही. या संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये ‘आयएमपीएस’ ही सेवा आणली. तिच्यामुळे रात्री-अपरात्री, सुटीच्या दिवशीसुद्धा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे जाऊ लागले. मात्र त्यासाठी लांबलचक खाते क्रमांक किंवा सांकेतिक आकडे लागत. सामान्य माणसाला ते जिकिरीचे होते.

त्याच सुमारास आणखी दोन कामे चालू होती. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती त्यांची खाती निघाली. २०२३ पर्यंत अशा खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली. म्हणजे ओळख झाली, खाते झाले. उरला होता तो खात्यापर्यंत पोहोचण्याचा सोपा मार्ग.

तो ११ एप्रिल २०१६ रोजी आला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआयचा प्रारंभ केला. त्यात नवे काय होते? त्याआधी मोबाईलवर ‘वॉलेट’ होती. त्यात पैसे आधी भरून ठेवावे लागत, आणि एका कंपनीच्या वॉलेटमधले पैसे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये जात नसत. यूपीआयने ही कुंपणे काढली. खाते कोणत्याही बँकेत असो, अ‍ॅप कोणत्याही कंपनीचे असो, पैसे थेट या खात्यातून त्या खात्यात जातात. पत्र कोणत्याही पेटीत टाकले तरी ते देशातल्या कोणत्याही गावी पोहोचावे, तसाच हा प्रकार.

आपण पिन टाकतो तेव्हा पडद्यामागे काय घडते तेही थोडक्यात पाहू. आपले अ‍ॅप ज्या बँकेशी जोडलेले असते ती बँक हा निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे देते. ती यंत्रणा आपल्या बँकेला विचारते, पिन बरोबर आहे का, खात्यात पैसे आहेत का? होकार आला की आपल्या खात्यातून रक्कम वजा होते आणि समोरच्याच्या बँकेला ती जमा करायला सांगितले जाते. दोन्हीकडे संदेश जातात. हे सारे काही सेकंदांत होते. बँकांचा आपापसातला हिशेब नंतर एकत्रितपणे रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांतून चुकता होतो. या सगळ्या प्रवासाला आपला फोन आणि आपला पिन अशी दोन कुलुपे असतात. फोन दुसऱ्याच्या हाती लागला तरी पिनवाचून पैसे निघत नाहीत, ते यामुळेच.

सरकारचे पहिले काम हे होते आणि ते चांगले झाले, असे म्हणायला हरकत नाही. सरकारने स्वतः दुकान मांडले नाही, सगळ्यांना वापरता येईल असा रस्ता होऊ दिला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ‘भीम’ हे अ‍ॅप आले खरे. पण लोकांनी बहुसंख्येने खासगी अ‍ॅप निवडली तरी सरकारने ती अडवली नाहीत.

सक्ती, आमिष आणि सवय

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांमध्ये होती. बँकांपुढे रांगा लागल्या, आणि मोबाईलवरून पैसे द्या, असा आग्रह सर्व बाजूंनी सुरू झाला. पेट्रोल पंपावर कार्डाने पैसे दिले तर ०.७५ टक्के सवलत मिळू लागली. दोन हजार रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारांवरचा सेवाकर माफ झाला. २५ डिसेंबर २०१६ पासून १४ एप्रिल २०१७ पर्यंत सोडती निघाल्या. रोज १५ हजार ग्राहकांना हजार-हजार रुपये, आणि शेवटी एक कोटीचे बक्षीस. आपल्या राज्यात ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले.

याचा परिणाम काय झाला? नोव्हेंबर २०१६ मध्ये यूपीआयवर सुमारे ३ लाख व्यवहार झाले होते. डिसेंबरमध्ये ते सुमारे २० लाख झाले. वाढ मोठी दिसते, पण देशाच्या मानाने २० लाख म्हणजे किती? समुद्रात मूठभर. नोटा पुन्हा हाती आल्या तशी धसईतही रोकड परतल्याच्या बातम्या आल्या. नोटाबंदीने अनेकांना मोबाईलवरच्या पैशांची ओळख करून दिली, हे नाकारता येणार नाही. पण ओळख होणे आणि सवय लागणे यात फरक आहे.

महिन्याला १०० कोटी व्यवहारांचा टप्पा गाठायला ऑक्टोबर २०१९ उजाडावे लागले. १,००० कोटींचा टप्पा ऑगस्ट २०२३ मध्ये आला. या काळात नोटांची टंचाई नव्हती की सोडती नव्हत्या. मग लोक का वळले? कारणे साधी आहेत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले. हजार-पंधराशेच्या आत-बाहेर नव्हे, तरी सामान्य कुटुंबाला झेपेल अशा किमतीत स्मार्टफोन मिळू लागले. दुकानदाराला मशीन विकत घ्यावे लागेना, कागदावर छापलेला क्यूआर कोड पुरे झाला. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारी छोटी पेटी गल्ल्यावर बसली आणि गर्दीत फोन तपासत बसण्याचा दुकानदाराचा त्रास वाचला. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने नोटेला हात लावणेही नको झाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे व्यवहार घटले होते, पण जूनपर्यंत ते पूर्वीच्या पातळीच्या वर गेले.

आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. सरकार स्वतःही पैसे देते आणि घेते. शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार रुपये देणारी योजना २०१९ मध्ये आली, आणि आपल्या राज्यात लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये. हे पैसे थेट खात्यात जातात. त्यामुळे निजलेली खाती जागी झाली. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी आलेल्या स्वनिधी योजनेत दहा हजारांच्या कर्जाबरोबर, मोबाईलवरून पैसे स्वीकारले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतावा ठेवला होता. हे आमिषच, पण सोडतीपेक्षा वेगळे. सोडतीत लाखांत एकाचे नशीब उघडते. इथे प्रत्येक फेरीवाल्याला आपल्या धंद्याची नोंद तयार होऊन पुढचे कर्ज मिळण्याची वाट दिसते. माणूस नवी रीत स्वीकारतो ती अशा रोजच्या उपयोगामुळे.

फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने?

आता तिसरी कसोटी, खर्चाची. मनीऑर्डरला हशील पडत असे आणि ते पाठवणारा भरत असे. यूपीआयला मात्र काहीच पडत नाही. मग एवढ्या यंत्रणेचा खर्च भागतो कसा?

दुकानात कार्ड घासले की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. बँका आणि कार्ड कंपन्या तिच्यातला थोडा भाग कापून घेतात. सरकारने १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर अशी कपात करायला मनाई केली. वर्षाला ५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांनी या सोयी ठेवल्याच पाहिजेत, असेही बंधन घातले. चहावाल्याने क्यूआर कोड लावला तो यामुळेच. दहा रुपयांच्या चहातून दहा पैसे जरी कापले असते तरी त्याने ‘सुटे द्या’ असेच म्हटले असते.

पण खर्च नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. बँकांना संगणक, जोडण्या, संदेश, तक्रार निवारण यांवर पैसे घालावे लागतात. त्याची काही भरपाई म्हणून सरकार २०२१-२२ पासून अनुदान देऊ लागले. त्या वर्षासाठी १,३०० कोटी रुपये मंजूर झाले. २०२३-२४ साठी हा आकडा ३,६०० कोटींच्या आसपास गेला. २०२४-२५ साठी मात्र सुमारे १,५०० कोटींची योजना मंजूर झाली. तिच्यात छोट्या दुकानदाराला झालेल्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे १५ पैसे, असा दर होता. व्यवहार वाढत गेले आणि अनुदान कमी झाले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये शुल्काच्या प्रश्नावर चर्चापत्र काढले. त्यावर काहूर माजले तेव्हा, शुल्क लावण्याचा विचार नाही, असे अर्थमंत्रालयाने लगेच जाहीर केले. पुढे २०२५ मध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही, हा खर्च कोणाला तरी सोसावाच लागेल, हे उघडपणे बोलून दाखवले.

याला आणखी एक बाजू आहे. व्यवहारावर काही मिळत नसेल तर या धंद्यात टिकतो तो ज्याच्याकडे दुसरीकडून पैसा आहे तोच. यूपीआयवरचे ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार दोनच कंपन्यांच्या अ‍ॅपवरून होत आले आहेत. एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये केला, पण तो अमलात आणण्याची मुदत पुढे पुढे जात २०२४ अखेर डिसेंबर २०२६ पर्यंत ढकलली गेली. सार्वजनिक रस्त्यावरची बहुतेक वाहतूक दोघांच्याच गाड्यांतून होऊ लागली, तर रस्ता सार्वजनिक असूनही प्रवासी त्या दोघांवर अवलंबून राहतात.

माझ्या मते छोटे व्यवहार फुकटच राहावेत आणि त्याचा खर्च सरकारने रस्त्यासारखा सोसावा. नोटा छापणे, त्या देशभर पोहोचवणे, फाटक्या नोटा परत घेणे यांवरही सार्वजनिक पैसा खर्च होतोच. मोठमोठ्या दुकानांनी आणि कंपन्यांनी मात्र थोडा भार उचलायला काय हरकत आहे? निर्णय कोणताही होवो, तो लोकांना आधी सांगून व्हावा. सवय लावायची फुकट आणि मग एका सकाळी शुल्क लावायचे, असे झाले तर विश्वास जाईल.

हिशेबाची धास्ती

विश्वास कसा जातो याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले आफ्रिकेतल्या घाना देशाचे. तिथे मोबाईलवरून पैसे पाठवण्याची पद्धत गरिबांपर्यंत पोहोचली होती. सरकारची तिजोरी अडचणीत होती. १ मे २०२२ पासून सरकारने अशा व्यवहारांवर दीड टक्का कर लावला. लोकांनी मोबाईलकडे पाठ फिरवून पुन्हा रोख रकमेची वाट धरली आणि अपेक्षित उत्पन्न आले नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये कर एक टक्क्यावर आणावा लागला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो रद्दच झाला.

त्याच खंडातल्या केनियाचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झाले. मोबाईल कंपनीला बँकेचा परवाना नव्हता. तरीही तिथल्या मध्यवर्ती बँकेने, ग्राहकांचे पैसे विश्वस्त खात्यात वेगळे सुरक्षित ठेवले जातील अशी काळजी घेऊन, प्रयोगाला वाट मोकळी करून दिली. बँकांनी ओरड केली तेव्हा सरकारने २००८ च्या अखेरीस व्यवस्थेची तपासणी केली. ती ठीक असल्याचे आढळल्यावर ती चालू राहिली. शहरात कामाला गेलेला माणूस गावाकडे पैसे पाठवू लागला. आपल्या चाकरमान्यासारखेच.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे हजारो छोट्या व्यापाऱ्यांना वस्तू आणि सेवा कराच्या नोटिसा धाडल्या. भाजी आणि दूध विकणाऱ्यांनाही त्या पोहोचल्या. बंगळुरूतल्या दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. प्रकरण तापल्यावर, जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असे राज्य सरकारला सांगावे लागले.

कर चुकवावा असे इथे कोणी म्हणत नाही. वस्तूंच्या बाबतीत सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाख आणि सेवांच्या बाबतीत २० लाख उलाढाल झाली की नोंदणी करावी लागते, हा कायदा आहे. पण खात्यात आलेली प्रत्येक रक्कम म्हणजे विक्री नव्हे आणि विक्री म्हणजे नफा नव्हे. भाजीवाल्याच्या खात्यात मेव्हण्याने परत केलेले उसने पैसेही येतात. शिवाय ताजी भाजी करमुक्त आहे. एका हाताने ‘क्यूआर कोड लावा’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच कोडवरून नोटीस काढायची, यात सरकारचे दोन हात एकमेकांना ओळखत नाहीत असे दिसते. नियम आधी समजावून सांगणे, नोंदणीची मुदत देणे आणि मग तपासणी करणे, हा क्रम पाळला असता तर त्या पाट्या लागल्या नसत्या.

पैसे गेले तर दाद कुठे?

आता चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी. पोस्टमन ओळखीचा असे. म्हातारीच्या हातावर तो नोटा मोजून ठेवी. मोबाईलच्या पलीकडे कोण आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा भामटे घेतात.

यासंबंधीचे काही नियम प्रत्येकाला माहीत असायला हवेत. व्यवहार अर्धवट राहिला, म्हणजे आपल्या खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठी मुदती ठरवून दिल्या. व्यक्तीला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत परत यावेत. त्यानंतर उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. फसवणुकीसाठी जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच तोशीस नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरीही नाही. मात्र ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे.

खरी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. आज भामटे कुलूप फोडत नाहीत, किल्ली गोड बोलून मागून घेतात. ‘तुमचे बक्षीस जमा करायचे आहे, पिन टाका’, ‘तुमचे वीजबिल थकले आहे’, ‘तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात’. माणूस घाबरून किंवा मोहात पडून स्वतःच पिन टाकतो. मग कागदोपत्री चूक त्याचीच ठरते. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत सापडलेल्यांना ८५ हजार पौंडांपर्यंतची रक्कम परत देणे बँकांना बंधनकारक केले. पैसे पाठवणारी आणि पैसे स्वीकारणारी अशा दोन्ही बँकांनी तो भार निम्मा-निम्मा उचलायचा. चोराचे खाते आपल्याकडे उघडू देणाऱ्या बँकेलाही झळ लागली की ती खाते उघडताना डोळे उघडे ठेवते, हे त्यामागचे गणित. आपल्याकडेही त्या दिशेने विचार व्हायला हवा. सरकार जेवढ्या जोराने ‘वापरा’ म्हणते, तेवढीच दाद मिळण्याची हमीही त्याने दिली पाहिजे.

तोवर काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आजी-आजोबांना, पुन्हा पुन्हा सांगाव्यात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. डिजिटल अटक नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जाण्याआधी ते गोठवता आले तरच हाती लागतात. त्यामुळे इथे तासाला नव्हे, मिनिटाला किंमत आहे.

एक सुधारणा मात्र नोंदवायला हवी. एखाद्या व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैसे ‘मागण्याची’ सोय होती आणि भामटे तिचा गैरवापर करत. ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. लोकांना सावध राहायला सांगणे बरोबरच आहे, पण धोक्याची वाटच बंद करणे त्याहून चांगले.

ज्यांच्या हाती साधा फोन आहे

शेवटी, या रस्त्यावर जे अजून आलेले नाहीत त्यांच्याविषयी. देशात कोट्यवधी लोकांकडे आजही साधा, बटणांचा फोन आहे. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो घरातल्या पुरुषाच्या किंवा मुलाच्या हातात असतो. सरकारी योजनेचे पैसे बाईच्या खात्यात येतात, पण ते मिळवायला तिला तालुक्याच्या बँकेत रांगेत उभे राहावे लागते किंवा गावातल्या बँकमित्राकडे अंगठा टेकवावा लागतो. कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा मशीनला उमटत नाही, हाही अनुभव अनेकांचा आहे.

यासाठी काही प्रयत्न झाले. इंटरनेटशिवाय चालणारी ‘स्टार नव्याण्णव हॅश’ ही सेवा २०१४ मध्ये देशभर उपलब्ध झाली. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आणले. तिच्यात फोन लावून, बोलून पैसे देता येतात. पण या सेवा स्मार्टफोनइतक्या सोप्या नाहीत आणि त्यांची माहितीही गावापर्यंत पुरेशी गेलेली नाही. प्रचाराचा पैसा खर्च करायचाच असेल तर तो इथे व्हावा. शहरात ज्याला आधीच सवय आहे त्याला पुन्हा जाहिरात दाखवून काय मिळणार?

आणि रोकड? ती संपलेली नाही. नोटाबंदीच्या आधी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांत फिरत होते. मार्च २०२५ अखेर ते ३६ लाख कोटींच्या वर होते. मोबाईलवरचे व्यवहार वाढले आणि नोटाही वाढल्या. यात सरकारचे अपयश शोधण्याचे कारण नाही. अडीअडचणीसाठी घरात चार पैसे ठेवणे ही आपली जुनी रीत आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयची यंत्रणा काही तास अडखळली तेव्हा खिशात नोट असलेल्याचेच काम झाले. स्वीडनसारख्या देशात रोकड जवळजवळ दिसेनाशी झाली. तिथे सरकारला २०२१ पासून कायदा लागू करून, मोठ्या बँकांनी रोख रकमेची सेवा दिलीच पाहिजे, असे सांगावे लागले. तिथवर जाऊन परत फिरण्यापेक्षा आपण दोन्ही वाटा उघड्या ठेवलेल्या बऱ्या.

तेव्हा सरकारचे काम काय? रस्ता सर्वांसाठी खुला ठेवणे, नियम आधी सांगणे, खर्च कोण सोसतो ते लपवून न ठेवणे, आणि लुटल्या गेलेल्या माणसाला दाद मिळवून देणे. या चारांपैकी पहिले काम आपल्याकडे जगाने दखल घ्यावी इतके चांगले झाले आहे. दुसरे आणि तिसरे अर्धवट आहे. चौथे सर्वांत मागे आहे, आणि ज्याची सारी बचत एका फोनवर गेली त्याच्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पुढच्या अंदाजपत्रकात या विषयावर तरतूद दिसेल तेव्हा व्यवहारांचे आकडे किती वाढले एवढेच विचारू नका. फसलेल्यांपैकी किती जणांना पैसे परत मिळाले, हेही आपल्या लोकप्रतिनिधीला विचारा.